धुक्यातली वाट आणि सोबती : कोकणातील अनुभव

कोकणातल्या एखाद्या डोंगरावर मित्रासोबत किंवा मैत्रिणीसोबत दिवसभर चाललात आणि धुक्यामुळे बेत फसला किंवा बदलला, असे झाले असेल, तर तो दिवस येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. वाट कुठे चुकली, कोण काय म्हणाले, परत कसे आलात, हे अवश्य सांगावे. सुरुवात मीच करतो.

अलिबागजवळचा सागरगड मी आणि माझा शाळासोबती जुलैच्या एका रविवारी चढलो. उंची साधारण ४०० मीटर, वाट खंडाळे गावातून, मध्ये धबधबा आणि सिद्धेश्वराचे देऊळ. त्यामुळे दुपारच्या जेवणाला परत येतो, असे घरी सांगून निघालो होतो. सिद्धेश्वरापर्यंत सारे स्वच्छ होते आणि खाली भाताच्या लावणीसाठी वाकलेली माणसे दिसत होती. माचीच्या पठारावर पाऊल टाकले, आणि समुद्रावरून येणारी ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते व तिचे धुके होते, हे शाळेत घोकलेले वाक्य थेट अंगावर आले. दहा पावलांवरचा मित्र दिसेना. पुढे ढोरवाटांचे जाळे आहे, आणि प्रत्येक ढोरवाट गडावरच जात असावी असे वाटावे, इतकी ती मळलेली असते. मित्र डावीकडची म्हणाला, मी उजवीकडची. शेवटी त्याचे ऐकले आणि पाऊण तासाने, ज्या वाकड्या ऐनाच्या झाडाखाली आम्ही केळी खाल्ली होती, त्याच ऐनाखाली येऊन उभे राहिलो. साली आमच्याच होत्या (त्या तिथे टाकायला नको होत्या, हे मान्य आहे), त्यामुळे वादाला जागा उरली नाही.

माझी आजी याला चकवा म्हणत असे, आणि चकवा लागला की जागीच बसून पाणी प्यावे, असे सांगत असे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण उपाय बिनचूक आहे, कारण धुक्यात चालणाऱ्यापेक्षा बसलेल्याला अधिक ऐकू येते. आम्हाला गुरांच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. त्या रोखाने हाका मारल्यावर इरले पांघरलेले एक आजोबा आले आणि आम्हाला गडाच्या वाटेला न लावता त्यांनी सरळ खाली वळवले. गडावरचे वानरटोक त्या दिवशी पाहणे झाले नाही. मित्राने उतारभर ‘उजवीकडे’ हा शब्द तेवढा कटाक्षाने टाळला.

*

आम्ही दोघी शिक्षिका श्रावणात खेड तालुक्यातील रसाळगडावर गेलो होतो. मैत्रिणीच्या चष्म्यावर सारखे थेंब साचत असल्याने तिने माझ्या ओढणीचे टोक धरले होते. गवतातल्या तोफा अगदी पायाशी आल्यावरच दिसत. एकीवर ती अडखळली आणि तिची नडगी सोलली गेली. झोलाईदेवीच्या देवळात बसून डबा खाल्ला, तेवढाच कोरडा तास.

*

आंबोलीला लोक धुके पाहायला येतात. मला मात्र मित्राने बेडूक पाहायला नेले. २००९ मध्ये शास्त्रीय नोंद झालेला आंबोली टोड पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या पाण्याजवळ दिसतो, म्हणून हा गृहस्थ दर वीस पावलांवर उकिडवा बसे, आणि बसला की धुक्यात नाहीसाच होई. शेवटी मी शीळ घालायची आणि त्याने टाळी द्यायची, असे ठरले. कावळेसादला पोहोचलो तेव्हा दरी पूर्ण बुजलेली होती. कठड्याशी उभे राहिल्यावर वाऱ्याने खालून उलटे फेकलेले पाणी तोंडावर बसले, तेवढाच काय तो दरीचा पुरावा.

*

माझा अनुभव पावसाळ्यातला नाही, तरी लिहितो. जानेवारीत पुण्याहून आलेल्या मित्राला देवगडजवळच्या आमच्या डोंगरावर पहाटे फिरायला नेले. सडा म्हणजे कातळाचे पठार, चिऱ्यांचे गडगे, आंब्याची कलमे, सगळे धुक्यात बुडाले होते आणि तो जागोजागी थांबून हरखत होता. मी मात्र प्रत्येक कलमाचा मोहर हाताने उलटून पाहत होतो, कारण अशा दमट हवेत तुडतुडा ही कीड आणि भुरी हा रोग दोन्ही बळावतात. नऊच्या सुमारास ऊन पडले, तेव्हा तो हळहळून म्हणाला, “अरेरे, गेले रे धुके!” मी काही बोललो नाही, पुढच्या कलमाची फांदी वाकवून दांड्यावर पांढरे काही दिसते का, ते पाहू लागलो.