सिंगापूरचं मत्स्यालय की रत्नागिरीची ओहोटी?

औंधचा_आळशी
दिवाळीत आम्ही पाच जण (आई, आम्ही दोघं, दोन पोरं) सिंगापूरला जाऊन आलो. सेंटोसा बेटावरचं मत्स्यालय पाहिलं. माझं मत: पैसे पाण्यात. अंधार, गर्दी, काचेपुढे मोबाइलच मोबाइल. मोठ्या टाकीच्या ३६ मीटर रुंद पारदर्शक भिंतीपाशी पोरं दहा मिनिटं गप्प होती, हे मान्य. नंतर दुकानातल्या कापडी शार्कवरून तासभर भोकाड. त्यापेक्षा रत्नागिरीला जा. ओहोटीला खडकातल्या डबक्यात समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) दिसतं, बोट लावलं की मिटतं. फुकट!

बिबवेवाडीची_मावशी
फुकट कसं? पेट्रोल आणि घाटातल्या उलट्या कोण मोजणार? माझ्या सासूबाई ७४ च्या, गुडघे गेलेले. त्यांना काय शेवाळलेल्या खडकावर उतरवू? आम्ही त्याच टाकीसमोर व्हीलचेअर लावली. मांटा रे नावाचा चपटा मासा डोक्यावरून गेला तर म्हणतात, "अगं, दोरीवरचं धोतर सुटून उडावं तसा जातोय." अर्धा तास हलल्या नाहीत. मग हळूच विचारलं, "हा खातात का गं?"

दापोलीचा_जावई
खातात की! मांटा म्हणजे आपल्या पाकटाच्याच जातीचा, फक्त अवाढव्य.

शनिवारपेठी
विनोद पुरे. मांटाला थांबता येत नाही. पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं, म्हणजे तो जन्मभर त्या टाकीत फेऱ्या मारणार. तिथे आधी व्हेल शार्क आणायचे होते, ओरड झाल्यावर २००९ मध्ये बेत सोडला. आपल्या सरकारनेही २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांना परवानगी नाकारली. मग माशांनी काय पाप केलंय?

बिबवेवाडीची_मावशी
मुद्दा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण कोळंबी खाताना हा कळवळा कुठे जातो? आणि पुण्याच्या पोरांनी समुद्री मासे जिवंत बघायचे कुठे? मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय होतं, १९५१ सालचं. आमची शाळेची सहल तिथेच जायची, कासवासमोर डबे उघडायचो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यालाही कुलूप लागलं.

औंधचा_आळशी
मावशी, रत्नागिरीत झाडगावला सागरी संशोधन केंद्राचं छोटं मत्स्यालय आहे. देवमाशाचा सांगाडाही आहे. सासूबाईंना तिथे न्या, खडकात आम्ही उतरतो.

बिबवेवाडीची_मावशी
सांगाडा त्यांना नको हो. पोहणारं काहीतरी सांगा.

दापोलीचा_जावई
आळशीराव, निदान तिथी बघून जा. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे ओहोटीला पाणी फारसं मागे हटत नाही. गेल्या वर्षी साडू सहकुटुंब दोन तास खडकावर बसून वडापाव खाऊन परत आला. अमावास्या-पौर्णिमा धरा. आणि चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. कालवं पाय कापतात.