प्रतिसाद: एमिट कुणासाठी थांबत नाही

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की नोडमधलं (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एमिट, म्हणजे 'अमुक इव्हेंट घडला' अशी हाक देणारं फंक्शन, असिंक्रोनस असतं (कामं नंतरवर सोडून पुढे जातं), म्हणून एका लिसनरची (ती हाक आली की चालणाऱ्या फंक्शनची) चूक दुसऱ्याला भोवत नाही. तसं नाहीये. एमिट सगळ्या लिसनरांना नोंदणीच्या क्रमाने, तिथल्या तिथे बोलावतं. पहिल्यानेच एरर फेकली की पुढच्यांना हाकच जात नाही. लिसनर असिंक असेल, म्हणजे काम नंतर पुरं करणार असेल, तर तो प्रॉमिस परत देतो (निकाल नंतर कळवायचा वायदा; काम फसलं तर तो रिजेक्ट होतो). एमिट त्या प्रॉमिसकडे बघतही नाही, सरळ पुढे जातं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर मी सांभाळते, तिथे हे अंगावर आलं. 'माल निघाला' या इव्हेंटवर दोन लिसनर: चलन छापणारा आणि स्टॉक वजा करणारा. दुसरा असिंक. डेटाबेस अडला, प्रॉमिस रिजेक्ट झालं, एमिटभोवतीच्या ट्राय-कॅचला (एरर पकडणाऱ्या कोडला) पत्ताच नाही आणि अख्खी प्रोसेस पडली (नोड १५ पासून हेच डीफॉल्ट). चलन घेऊन गाडी गेटबाहेर, स्टॉक जसाच्या तसा! रात्री गोडाऊनमध्ये आम्ही एकेक नग मोजत बसलो होतो.

आता नोडच्या इव्हेंट-एमिटरचा कॅप्चर-रिजेक्शन्स हा पर्याय चालू ठेवलाय, म्हणजे असं रिजेक्शन 'एरर' इव्हेंटकडे येतं. त्यालाही लिसनर हवाच, नाहीतर तीच एरर पुन्हा फेकली जाते. पण जिथे काम पुरं होणं महत्त्वाचं आहे, तिथे कृपा करून एमिटच्या भरवशावर राहू नका. लिसनरांची यादी घ्या आणि एकेकाला अवेट करा, म्हणजे त्याचं काम पुरं होईपर्यंत थांबा.