वेळासची सहल: रिसॉर्ट की गावात?

सचिव: कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला वेळासला जायची बस ठरली. मुक्काम कुठे ते आज नक्की करा. हरिहरेश्वरला रिसॉर्ट, की वेळासमध्येच घरगुती?

देशमुख, सी-४०२: रिसॉर्टच घ्या. आईंना कमोड लागतो. सकाळी फेरीबोटीने खाडीपलीकडे वेळासला जाऊ.

साठे काकू, बी-२०४: अहो, पिल्लं सकाळी सातच्या सुमाराला सोडतात. बागमांडल्याहून वेसवीला उतरून, तिथून बाणकोटवरून वेळास. पोचेपर्यंत पिल्लं समुद्रात आणि आपण रांगेत 😄

देशमुख: माझे मेहुणे गावातच राहिले होते, तरी एक पिल्लू दिसलं नाही त्यांना!

साठे काकू: तसं होतं. घरट्यात शंभरेक अंडी असली तरी फुटायला दीड-दोन महिने, वाळू तापेल तसं. गावातले कासवमित्र हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, घरट्यांवर टोपल्या पालथ्या घालून ठेवतात, सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. कधी खाली नुसती वाळू, कधी चाळीस पिल्लं वळवळताना. ते काय प्राणिसंग्रहालय आहे, तिकीट काढलं की दिसलंच पाहिजे म्हणायला?

तन्मय, ए-३०१: आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर. खरंच.

देशमुख: बरं, पण रिसॉर्टने कासवांचं काय बिघडतं?

साठे काकू: कासवांचं लगेच नाही बिघडत. पण पूर्वी हीच अंडी लोक उकरून न्यायचे, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे अंडी राखायचं काम सुरू केलं, पुढे २००६ पासून कासव महोत्सव. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरायला लागले, घरटी राखण्यात गावाचा फायदा दिसायला लागला. पहाटे किनारा धुंडाळणारी पोरं त्याच गावची. त्यांची मेहनत बघायला जायचं आणि पैसे खाडीपलीकडे देऊन यायचे, हे मला नाही पटत.

देशमुख: पटलं. कमोडचं बघा फक्त.

साठे काकू: विचारलंय. एका घरी आहे, आईंना तिथेच ठेवू. एसी मात्र विसरा.

सचिव: मग गावातच. किनाऱ्यावर फ्लॅश मारायचा नाही, पिल्लांना हात लावायचा नाही. मुलांना आत्ताच सांगून ठेवा.

तन्मय: मुलांचं सोडा, मागच्या सहलीत फ्लॅश कोण मारत होतं 👀

पाटील काका, डी-१०२: मासे मिळतील का?

साठे काकू: आपण उतरणार त्या घरी शाकाहारी आहे हो. उकडीच्या मोदकांचं सांगून ठेवलंय. किती खाणार तेवढं कळवा.