मदत हवी आहे: निसान ३५०झेडमध्ये सबवूफर सीटमागे की डिकीत?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहतो. गाडी २००६ ची ३५०झेड कूपे, दोनच सीटा आणि मागे तिरक्या काचेची डिकी. पुढचे स्पीकर नवे आहेत, आवाज स्वच्छ येतो, पण पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा पार गायब होतो. डग्ग्याची मींड नुसती ओळखू येते. शेजारच्या गाडीच्या काचा हलवायच्या नाहीत, तो घुमारा खरा वाटला पाहिजे, एवढंच.

बोसची साउंड सिस्टीम असलेल्या ३५०झेडमध्ये सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) ड्रायव्हरच्या सीटमागे असतो. माझ्या गाडीत बोस नाही, म्हणून तीच जागा वापरायचा विचार आहे: कमी खोलीचा १० इंची सबवूफर आणि सीलबंद बॉक्स. आतलं माप जेमतेम १५ लिटर निघेल असं दिसतंय. सबवूफर स्वतःच व्यापतो ती जागा त्यातून वजा करायची. बॉक्स लहान पडला की क्यूटीसी (बॉक्समधला सबवूफर किती घुमतो ते सांगणारा आकडा) ०.७०७ च्या वर चढतो आणि बेस एकाच सुरावर घुमत राहतो. तबल्याला ते अजिबात चालणार नाही.

दुसरा पर्याय डिकीत १२ इंची, पोर्टवाला (हवेसाठी नळी ठेवलेला) बॉक्स. मागची स्ट्रट ब्रेस (गाडीचा सांगाडा ताठ ठेवणारी आडवी दांडी) आडवी येते, सामानाची जागा जाते आणि बॉक्सच्या एमडीएफ लाकडी फळ्यांसकट वजन सहज २० किलोच्या वर. वळणावर इतकी छान चालणारी गाडी मागून जड करायला जीव होत नाही.

माझा कल सीलबंदकडे आहे. ४० हर्ट्झची ध्वनिलहर साडेआठ मीटरहून लांब, आणि केबिन एवढीशी. त्यामुळे खालच्या सुरांना केबिनच उचलून धरते, सिद्धांतानुसार दर सप्तकामागे १२ डेसिबल. सीलबंद बॉक्स साधारण त्याच उताराने खाली येतो, म्हणजे हिशोब जुळतो. पोर्टवाला मात्र ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या सुराला जुळवलाय त्याच्या) खाली २४ ने कोसळतो. पण डिकीच्या पातळ पत्र्यातून आणि फटींतून यातलं किती निसटतं? कुणी मायक्रोफोन लावून मोजलंय का?

शिवाय सबवूफर पाठीला चिकटून असला तर आवाज मागून येतोय असं जाणवतं का? ८० हर्ट्झखाली कानाला दिशा कळत नाही म्हणतात, पण सीट थरथरली की पाठीला कळणारच. लो-पास (ठरावीक सुराच्या वरचं सगळं अडवणारा फिल्टर) ६० हर्ट्झवर आणून काही फरक पडतो का?

ती जागा वेडीवाकडी आहे, त्यामुळे फायबरग्लासच करावं लागेल. सपाट भागाला किती जाडी दिलीत की तो स्वतः वाजत नाही? आकारमान थर्माकोलचे मणी भरून मोजणार आहे, ते पुरेसं अचूक येतं ना?

सबवूफरसाठीचा मोनो अ‍ॅम्प ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी ताकद) आहे, तो बदलायचा नाही. आतलं प्लास्टिक कापावं लागणार, म्हणून आधी विचारतोय. मियाटा किंवा बीआरझेडसारख्या छोट्या गाडीत हे केलेल्यांनीही जरूर लिहा. बॉक्सचं माप आणि सबवूफरचं मॉडेल सांगितलंत तर फार मदत होईल.