मेंदूचं ठरवून केलेलं ऑपरेशन: घरी जातानाचं पत्रक बाई-पुरुषांना एकच पुरतं का?

मोगरी (प्रश्न)

न्यूरोसर्जरी वॉर्डातून घरी जाताना रुग्णाला द्यायचं पत्रक नव्यानं लिहायचं आहे. अपघाताच्या आणि तातडीच्या केसेस यात नाहीत. तारीख ठरवून कवटी उघडून केलेली ऑपरेशनं, त्यातही मुख्यतः मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ. जुनं पत्रक सगळ्यांना एकच: "जड काम टाळा, गोळ्या वेळेवर घ्या, ताप आल्यास या." मेनिंजिओमा बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतो, म्हणजे वाचणाऱ्या बहुतेक बायकाच. तरी पाळी, गर्भनिरोधक, केस यांवर त्यात एक ओळ नाही. बरं होण्यात नेमका फरक कुठे पडतो? "बायका हळव्या असतात" छापाची उत्तरं नकोत.

झोपाळा

भुलीचं सांगतो. भूल उतरताना बायका पुरुषांपेक्षा काही मिनिटं आधी डोळे उघडतात. पण पुढचे दोन-तीन दिवस त्यांनाच जास्त जड जातात, आणि त्याचं एक मोठं कारण मळमळ. उलटीचा अंदाज बांधायला चार गोष्टी बघतात: स्त्री असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागण्याचा किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्यांचा त्रास, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गीय वेदनाशामक. एकही लागू नसेल तर धोका सुमारे १० टक्के, पुढे २०, ४०, ६०, आणि चारही असतील तर ८०. आपल्याकडची बहुतेक बाई सिगारेट ओढत नाही, म्हणजे दोन गुण घेऊनच ती टेबलावर येते.

पोटाच्या ऑपरेशननंतरची उलटी त्रासाची असते, कवटीच्या ऑपरेशननंतरची धोक्याची. ओकारीच्या जोरानं डोक्यातला दाब आणि रक्तदाब दोन्ही चढतात आणि ताज्या जखमेत रक्त सुटू शकतं. म्हणून उलटी होण्याची वाट बघायची नाही. सूज उतरवायला डेक्सामेथासोन बहुधा चालूच असतं, त्याचा मळमळीवरही उपयोग होतो. जोडीला ऑपरेशनच्या शेवटी उलटी रोखणारं ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम. गुण तीन-चार असतील तर गॅसऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर भूल चालवावी. टाळूच्या नसा बधिर केल्या की अफूवर्गीय औषध कमी लागतं. वेदनाशामकांतलं ट्रॅमाडॉल इथे मला मुळीच पसंत नाही, मळमळही वाढवतं आणि फिट येण्याची शक्यताही.

एक गोष्ट पत्रकात हवीच. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उलटवायला सुगामाडेक्स दिलं असेल तर ते प्रोजेस्टोजेनलाही (गर्भनिरोधकातलं हार्मोन) पकडतं, त्यामुळे हार्मोनच्या गर्भनिरोधकावर पुढचे ७ दिवस भरवसा ठेवता येत नाही. उलटीसाठी अ‍ॅप्रेपिटंट दिलं असेल तर हाच काळ २८ दिवसांचा. हे बाईला कुणी सांगत नाही.

तांबडी माती

बरं होण्यातला बराच फरक ऑपरेशनच्या महिनाभर आधीच ठरलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, पुरुषांत २५ टक्के. त्यात अंगातलं रक्तच कमी: बाईत किलोमागे सुमारे ६५ मिली, पुरुषात ७० ते ७५. ५० किलोच्या बाईचं सगळं रक्त सव्वातीन लिटर, ७५ किलोच्या पुरुषाचं सव्वापाच लिटरच्या वर. ५०० मिली रक्त दोघांचं गेलं, तर तिचं १५ टक्के जातं आणि त्याचं १० टक्क्यांहून कमी. मग चौथ्या दिवशी ती उठून चालत नाही म्हणून "हिचा धीर कमी" असा शेरा मिळतो.

तारीख हातात आहे ना, मग हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) चार-सहा आठवडे आधी तपासा. लोहाच्या गोळ्या सोसत असतील तर एक दिवसाआड एक, चहासोबत नको. वेळ कमी असेल तर शिरेतून लोह, म्हणजे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, ५० किलो वजनाला एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आदल्या दिवशी देऊन आकडा हलत नाही.

नाइट ड्यूटी

पुरुषांचंही लिहा, त्यांच्या भानगडी वेगळ्या. पहिली दारू. "रोज घेता का?" असं विचारलं की "कधीतरी" असंच उत्तर येतं. "किती क्वार्टर, शेवटची कधी?" असं विचारावं, आणि बायकोला बाजूला घेऊनही. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम. रुग्ण असंबद्ध बोलायला लागला की सगळे डोक्यात रक्तस्राव झाला म्हणून धावतात. सीटी करायचाच, पण दारूचं आधी कळलं असतं तर थायमिन (जीवनसत्त्व बी-१) आणि बाकी औषधं वेळेवर लागली असती.

दुसरी लघवी. पन्नाशीनंतर प्रोस्टेटमुळे नळी काढल्यावर अडकते. नळी सकाळी सहाला काढावी म्हणजे चार-सहा तासांनी बघायला माणसं जागी असतात. बद्धकोष्ठ असेल तर अडकण्याची शक्यता आणखी वाढते, आणि कुंथण्यानं डोक्यातला दाबही वाढतो.

बायकांत लक्ष ठेवायचं ते रक्तातल्या सोडियमवर. पाळी चालू असलेल्या वयात सोडियम घसरलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका पुरुषांपेक्षा बराच जास्त. सुरुवात डोकेदुखी, मळमळ, सुस्ती अशी असते, आणि ही तर ऑपरेशननंतरची नेहमीचीच लक्षणं म्हणून सोडून देतात. पिट्युटरीच्या (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) ऑपरेशननंतर सोडियम बहुधा पाचव्या ते आठव्या दिवशी घसरतं, तोवर बाई घरी पोचलेली असते आणि पाहुणे नारळपाणी घेऊन आलेले असतात. नारळपाण्यात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. सातव्या दिवशीची रक्ततपासणी पत्रकावर तारखेसकट छापा.

औषधपेटी

फिटच्या गोळ्या. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतात, बंद केल्यावरही चार आठवडे. लेव्हेटिरासेटामला ही अडचण नाही, पण माणूस चिडचिडा होतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. व्हॅल्प्रोएट मूल होऊ शकणाऱ्या वयात शक्यतो नको, गर्भाला धोका असतो.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या ऑपरेशनच्या चार आठवडे आधी बंद, पायात गुठळी होऊ नये म्हणून. पण दुसरा उपाय ठरवूनच बंद करा. आणि "ऑपरेशनच्या दिवशी पाळी नको" म्हणून लोक दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणतात. नको. पाळीमुळे ऑपरेशन थांबत नाही, आणि त्या गोळ्यांतल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. डेक्सामेथासोनमुळे पाळी मागेपुढे होऊ शकते हेही लिहा, उगाच घाबरतात.

मेनिंजिओमाच्या गाठींवर बऱ्याचदा प्रोजेस्टेरॉन या हार्मोनला धरणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन, म्हणजे सरकारी दवाखान्यातलं "अंतरा", वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांत मेनिंजिओमाच्या ऑपरेशनचं प्रमाण वाढलेलं फ्रान्सच्या २०२४ मधल्या अभ्यासात दिसलं. घेत असेल तर पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तांब्याची तांबी चालते, एमआरआयलाही आड येत नाही, फक्त आधी सांगायचं.

उंबरा

"जड काम टाळा" हे वाक्य आधी काढा. पुरुष ते वाचून कारखान्यात जात नाही. बाई घरकामाला कामच धरत नाही, मग तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी. नावं घेऊन लिहा: भरलेली बादली नाही (१५ किलो सहज भरते), वाकून फरशी पुसणं नाही, मोठा कुकर उचलणं नाही, खाली बसून कपडे धुणं नाही. दोन महिने पोळ्या कोण करणार हे डिस्चार्जच्या आधी घरच्यांना विचारा. बसून भाजी निवडायला हरकत नाही. आणि घरात इकडून तिकडे करणं, उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं सपाट जागेवर चालणं वेगळं लिहा.

केस: टाके किंवा पिना साधारण ७ ते १० दिवसांनी निघतात. तेल, मेंदी, डाय जखम पूर्ण भरेपर्यंत नाही, सहा आठवडे धरून चाला. लांब केस जखमेवर ताण येईल असे घट्ट बांधू नयेत.

पुरुष दुखणं सांगत नाहीत आणि मग एकदम कॉम्बिफ्लाम घेतात. त्यात आयबुप्रोफेनही आहे, सुरुवातीला सर्जनला विचारल्याशिवाय नको. पॅरासिटामॉल घड्याळ लावून, ५० किलोच्या वर १ ग्रॅम सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही.

तिरकस

एक सावधानी. "पुरुष बरे होत नाहीत, बायका होतात" असे सरळ आकडे पत्रकात घालू नका. पुरुषांतल्या मेनिंजिओमात वरच्या श्रेणीच्या (जास्त आक्रमक) गाठींचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे तुलना गाठींचीच होऊन बसते. आणि मुक्कामाचे दिवस तर घरी बघायला कोण आहे यावरही ठरतात.

मोगरी

बरंच मिळालं. झोपाळा, सुगामाडेक्स दिलं की नाही हे वॉर्डात कसं कळणार? आमच्याकडे फाइलमध्ये नुसतं "भूल व्यवस्थित" असतं.

झोपाळा

डिस्चार्ज कार्डावर बघू नका, भुलीचा तक्ता काढा. शेवटच्या भागात "रिव्हर्सल" असं लिहिलेलं असतं. त्यापुढे निओस्टिग्मिन असेल तर गर्भनिरोधकाचा प्रश्न नाही. सुगामाडेक्स असेल तर कार्डावर लाल पेनानं ७ दिवसांची शेवटची तारीख टाका. अ‍ॅप्रेपिटंट तिथे बहुधा सापडणार नाही, ती गोळी बहुतेक वेळा वॉर्डातच देतात, नर्सच्या औषधपत्रकावर बघा.