मदत हवी आहे: डावखुऱ्या मुलीसाठी गोल्फचा लाँच मॉनिटर (मारलेल्या चेंडूचा वेग, अंतर वगैरे सांगणारं मशीन), शेडमध्येही चालेल आणि शेतातही चालेल असा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, इथे गोल्फ खेळणारे किती आहेत माहीत नाही पण विचारून बघते, कारण नाशकात कोणाला विचारावं तेच कळत नाहीये. इथे गोल्फ क्लब म्हटलं की लोक कान्हेरे मैदानाचा पत्ता सांगतात, जॉगिंग ट्रॅक आणि रणजीच्या मॅचेस. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. माझी मुलगी खेळते, वय १४, पुण्याला मामाकडे सुट्टीत गेली होती तिथे मामाने रेंजवर (गोल्फच्या सरावाच्या मैदानावर) नेलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही तिला. ती डावखुरी आहे. गोल्फपटू दीक्षा डागर पण डावखुरीच खेळते हे कळल्यापासून तर कोणी "उजव्या हाताने शिक, सामान सहज मिळतं" म्हणालं की ऐकूनच घेत नाही, आणि मलाही तिचं बरोबर वाटतं.

आता अडचण सांगते. आमचा मळा गिरणारे बाजूला, द्राक्षबाग आहे. जून ते ऑक्टोबर पावसामुळे बाहेर काही होत नाही, पण तेव्हा पॅकिंगचं शेड रिकामं असतं, ३० फूट लांब, २० फूट रुंद, उंची १४ फूट, त्यामुळे ड्रायव्हर (गोल्फची सगळ्यात लांब काठी) फिरवला तरी वर लागत नाही. बागेवर पक्ष्यांसाठी टाकायची जुनी जाळी होती तिच्या चार घड्या करून यांनी पुढे लावली, मागे जुनी गादी टांगली, चेंडू छान अडतो. जानेवारीत माल सुरू झाला की शेड क्रेटनी भरतं, माणसं असतात, तिथे तिला उभं राहायलाही जागा नाही, मग एक पट्टा पडीक आहे, लांबीला ६०० फूट म्हणजे २०० यार्ड, तिथे ती आयर्न (लोखंडी डोक्याच्या, नंबरवाल्या काठ्या) मारते. म्हणजे अर्धं वर्ष आत आणि अर्धं वर्ष बाहेर. दोन मशीन घेणं शक्य नाही. बजेट ताणून एक लाख, त्यात टॅब घरचाच वापरणार.

मामाच्या ओळखीतल्या एकांनी दोन दिवस वापरायला त्यांचा मॉनिटर दिला, चेंडूच्या मागे ठेवायचा रडारवाला, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण चूक मशीनची की आमची तेच कळलं नाही. शेडमध्ये सेव्हन आयर्नने दहा चेंडू मारले तर कॅरी (चेंडू हवेतून जातो ते अंतर) ९२ पासून १३१ यार्डपर्यंत काहीही दाखवत होतं. स्पिन (चेंडूची गिरकी, मिनिटाला किती फेरे) एकदा ३९०० आणि पुढच्याच चेंडूला ८१००. आवाज तर दोन्हींचा सारखाच आला होता, तिलाही हाताला सारखाच लागला. दुसऱ्या दिवशी शेतात गेलो, नांगरलेल्या ढेकळात चेंडू पडला की खड्डा दिसतो, तिचे आजोबा खड्ड्यापाशी काडी रोवत गेले आणि आम्ही प्लॉट मोजायच्या टेपने मोजलं. दहाच्या दहा चेंडू १०४ ते ११३ यार्डात. आणि मशीन शेतात जवळपास तेच दाखवत होतं, तीन-चार यार्ड इकडेतिकडे.

म्हणजे तेच मशीन बाहेर शहाणं आणि आत गेलं की भलतंच. पोरगी त्या रात्री जेवताना गप्प होती, तिला वाटलं आपलंच काहीतरी बिघडतंय आतमध्ये. मला ते जास्त लागलं, आकड्यांवर तिने विश्वास ठेवायचा आणि आकडेच खोटे निघाले तर त्या वयात मन खचतं.

तर प्रश्न असे की आत-बाहेर दोन्हीकडे एकच मशीन खरंच चालतं का, डावखुऱ्यांना कुठलं सोयीचं (तिचा दादा पण अधूनमधून मारतो, तो उजवा), आणि गार्मिनचा आर१०, रॅप्सोडोचा एमएलएम२प्रो, स्कायट्रॅक अशी नावं ऐकलीत त्यात फरक नेमका कशाचा? वर्षाच्या वर्गणीचा पण काहीतरी प्रकार आहे म्हणे. कृपया सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी मुलीला सांगा तिचं काही बिघडलेलं नाही. मोजपट्टीने दहा चेंडू नऊ यार्डात पडले म्हणजे त्या वयाला फारच चांगलं आहे, माझे पडत नाहीत.

आता मशीनचं. दोन जाती आहेत, रडार आणि कॅमेरा. रडार म्हणजे डॉप्लर. नाशिकरोडला फलाटावर उभं असताना न थांबणारी गाडी भोंगा देत येते आणि पुढे गेल्यावर भोंग्याचा सूर खाली जातो बघा, त्यावरनं वेग कळतो, तेच तत्त्व. हे मशीन चेंडूच्या मागे ठेवतात आणि ते उडणाऱ्या चेंडूकडे बघत राहतं. त्यामुळे त्याला उड्डाण दिसायला हवं. शेतात पूर्ण दिसतं, शेडमध्ये जाळीपर्यंतचे थोडेसे फूटच दिसतात, मग पुढचं सगळं गणिताने काढतं. वेग आणि निघतानाचा कोन बऱ्यापैकी येतो, घोटाळा होतो स्पिनमध्ये, आणि स्पिन चुकला की कॅरी चुकला.

कॅमेरावालं चेंडूच्या बाजूला ठेवतात, ते चेंडू निघाल्या निघाल्या पटापट फोटो काढतं आणि चेंडूवरच्या खुणा किती फिरल्या त्यावरून स्पिन मोजतं. त्याला पुढे जाळी पाच फुटावर आहे की पन्नास याच्याशी घेणंदेणं नाही. पण बाहेर कडक उन्हात काहींना त्रास होतो.

मला सांगा जाळी चेंडूपासून किती फुटावर होती, मशीन मागे किती होतं आणि चेंडू मॅटवर होता का? पंखे चालू होते का शेडमध्ये?

धागाकर्ती

जाळी साधारण ७ फुटावर, कारण पुढच्या बाजूला ट्रॉली उभी होती. मशीन मागे ५ फूट असेल. चेंडू मॅटवर, मॅटखाली यांनी प्लायवूड टाकलंय मनगटाला दणका नको म्हणून, म्हणजे जमिनीपासून अडीच इंच वर. मशीन खाली कोब्यावर. आणि हो, एक्झॉस्ट फॅन चालू होता, ट्यूबलाइटही.

प्रतिसाद १

मग उत्तर त्यातच आहे बरंचसं. आर१० घ्या उदाहरणाला, कंपनीच सांगते की चेंडूच्या मागे ६ ते ८ फूट ठेवा आणि पुढे किमान ८ फूट उड्डाण द्या. तुमच्याकडे दोन्ही कमी. दुसरं, मशीन आणि चेंडू एकाच पातळीवर पाहिजेत. अडीच इंच खाली ठेवलं तर त्याला चेंडू वेगळ्याच ठिकाणाहून निघाल्यासारखा दिसतो. तिसरं, फिरणारा पंखा म्हणजे रडारच्या दृष्टीने हलणारी वस्तूच, तो बंद करा. तुमच्याकडे अजून ते मशीन असेल तर एवढं सुधारून परत दहा चेंडू मारा, मगच विकत घ्यायचं ठरवा.

प्रतिसाद २

मी नाशिकचाच, कॉलेज रोडला राहतो. माझ्याकडे स्कायट्रॅक आहे, जुना, बाजूला ठेवायचा. घरात टेरेसवरच्या खोलीत मस्त चालतो, बाहेर नेला की मी सावली शोधतो. तुमच्या घरात एक डावा एक उजवा आहे ना, मग बाजूला ठेवायचं मशीन म्हणजे प्रत्येक वेळी उचलून चेंडूच्या पलीकडे ठेवा, परत लेव्हल करा, परत दिशा लावा. दोघं भावंडं आळीपाळीने मारणार असतील तर तिसऱ्या चेंडूला भांडण होईल. मागे ठेवायच्या मशीनला हा प्रश्नच नाही, ॲपमध्ये डावा-उजवा बदलला की झालं. छताला लावायची कॅमेरावाली असतात, ती दोघांना चालतात पण बजेटच्या बाहेर आणि ती शेतात कशी नेणार. स्क्वेअर म्हणून एक स्वस्तातलं कॅमेरावालं आलंय पण ते घरातल्या वापरासाठीच काढलेलं, तुमची अर्धी गरज तिथेच संपली.

अजून एक, ॲपमध्ये उंची सेट करता येते ती बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण २००० फूट, हवा थोडी विरळ, चेंडू मुंबईपेक्षा दोन-अडीच टक्के लांब जातो. ११० यार्डाला दोन-तीन यार्ड. तुमचा चाळीस यार्डाचा गोंधळ त्याने झालेला नाही, पण उद्या ती मुंबईला स्पर्धेला गेली की चेंडू थोडा कमी का पडतोय असं वाटायला नको.

प्रतिसाद ३

मुलांना शिकवतो म्हणून लिहितो. मशीन घ्यायच्या आधी विक्रेत्याला एकच विचारा, यातला कोणता आकडा मोजलेला आणि कोणता गणिताने काढलेला? स्क्रीनवर पंधरा आकडे दिसतात, एकसारख्या ठळक अक्षरात, पण सगळे सारख्या भरवशाचे नसतात. १४ वर्षांच्या मुलीला आत्ता तीनच पुरे. चेंडूचा वेग, निघायची दिशा आणि बाहेर मोजलेली कॅरी. चेंडूचा वेग भागिले क्लबचा (म्हणजे काठीचा) वेग याला स्मॅश फॅक्टर म्हणतात, ड्रायव्हरला तो जास्तीत जास्त दीडच्या आसपास जातो आणि सेव्हन आयर्नला १.३३ च्या आसपास आला तर चेंडू मधोमध लागला समजा. सेव्हन आयर्नचा स्पिन मोठ्या व्यावसायिकांचा ७००० च्या आसपास असतो, तेव्हा ३९०० दिसलं की मशीनवर शंका घ्या, मुलीवर नको.

आत स्पिन पाहिजेच असेल तर चेंडू बदला. टायटलिस्टने २०२२ मध्ये आरसीटी चेंडू आणलेत, त्यात रडारला दिसेल अशी खूण आतच असते. एमएलएम२प्रो मध्ये रडार आणि कॅमेरा दोन्ही आहेत, त्याला नक्षी छापलेले खास चेंडू लागतात, ते वापरले तर स्पिन खरोखर मोजतं, साधा चेंडू ठेवला तर काढून सांगतं. हे चेंडू महाग पडतात, पण शेडमध्ये हरवत नाहीत, सहा चेंडू वर्षभर पुरतील. शेतात मात्र नेऊ नका, ढेकळात नक्षी घासते.

वर्गणीचं असं की आर१० चे साधे रेंजचे आकडे वर्गणीशिवाय दिसतात, कोर्स खेळायचे असतील तर पैसे. एमएलएम२प्रो चं बरंच काही वर्गणीत अडकलंय, ते पाच वर्षांचं गुणून बघा मग किंमत ठरवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, मशीन परत द्यायच्या आधी एक दिवस मागून घेतला आणि काल संध्याकाळी करून बघितलं.

ट्रॉली बाहेर काढली, जाळी १२ फुटावर नेली, मशीन बरोबर ७ फूट मागे टेपने मोजून. पातळीसाठी आधी द्राक्षाचा क्रेट पालथा घातला तर तो फारच उंच झाला, मग उरलेल्या प्लायवूडचाच तुकडा आणि मॅटची कातरलेली पट्टी त्यावर ठेवली, यांनी गवंड्याची लेव्हल लावून बघितली. फॅन बंद. जमिनीवर चेंडूपासून जाळीपर्यंत खडूची दोरी मारली आणि मशीन त्या रेषेवर लावलं. पोरीने दहा मारले. कॅरी १०३ ते ११७! दिशा तर एकदम सरळ यायला लागली, आधी प्रत्येक चेंडू उजवीकडे दाखवत होतं ते मशीनच तिरकं होतं. स्पिन अजून उड्या मारतोय, ५२०० ते ७४००, पण आता कारण माहीत आहे म्हणून तिने तो आकडा स्क्रीनवरून काढूनच टाकला. नंतर दादाने पाच मारले, काही हलवावं लागलं नाही.

रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तिने.

म्हणजे मागे ठेवायचंच मशीन घ्यायचं हे आमचं ठरलं. बाजूचं कॅमेरावालं बाद, दोन मुलांमुळे आणि उन्हामुळे. आता आर१० की एमएलएम२प्रो एवढंच राहिलं. आर१० ची बॅटरी कंपनी १० तास सांगते, आमच्या शेतात दिवसा लाइट असते-नसते म्हणून ते मला मोठं वाटतं. दुसऱ्यात स्पिन मोजून मिळतो पण खास चेंडू आणि वर्गणी. माझा कल आर१० कडे आहे, मुलीचा दुसऱ्याकडे, ती म्हणते आई पुढच्या वर्षी वेजने (जवळच्या फटक्यांची काठी) खेळायला लागले की स्पिन लागेलच मला. तिचं म्हणणं टाकाऊ नाही.

तेव्हा शेवटचं विचारते. नाशिक, ओझर, देवळाली भागात कोणाकडे एमएलएम२प्रो असेल तर अर्धा तास बघायला मिळेल का? आम्ही येऊ, शेडमध्ये या म्हणालात तर चहा-जेवणासकट स्वागत आहे. आणि गंधकाची धुरळणी होते त्या दिवसांत अशा मशीनची काच कशी सांभाळायची, कोणी शेतकरी घरात कॅमेऱ्याचं काही वापरत असेल तर तेही सांगा, कारण शेडमध्ये ती पिवळी भुकटी महिनाभर सगळ्यावर बसलेली असते.