मदत हवी आहे: कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्टानंच ठरवलं, तो निकाल आता शून्य म्हणता येतो का?

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वावर सव्वातीन एकर. आबाजी ते मक्त्यानं वाहत होते, जुन्या पेरेपत्रकात त्यांचंच नाव आहे. 2011 ला मालकाच्या पोरानं ताब्याचा दावा टाकला, 2015 ला निकाल आमच्या विरोधात गेला. अपिलाची फी ऐकून आबाजी घरी आले अन् कागद कोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवले. आता ते नाहीत. मागच्या गुरुवारी बेलिफ दरखास्तीची (निकालाच्या अंमलबजावणीची) नोटीस घेऊन आला, वारस म्हणून बाबांच्या नावानं. वावरात तूर उभी आहे.

वकील म्हणतात, अपिलाचे 30 दिवस कधीच गेले, ताबा द्या. तहसीलसमोर बसणारे अर्जनवीस म्हणतात, अधिकार नसलेल्या कोर्टाचा निकाल कितीही जुना झाला तरी शून्यच, म्हणजे मुळातच रद्द. खरं कोणाचं? नेटवर कूळ कायद्याचं कलम 85 सापडतं, ते आपल्याला लागू आहे का?

प्रतिसाद:
भाऊ, 85 सोडा. तो 1948 चा कायदा, पश्चिम महाराष्ट्राचा. आपला 1958 चा, विदर्भ प्रदेशाचा. त्यात कूळ आहे की नाही हे तहसीलदारानं ठरवायचं (कलम 100), दिवाणी कोर्टाला मनाई (124), आणि दाव्यात तसा मुद्दा निघालाच तर तो तहसीलदाराकडे पाठवायचा (125).

अर्जनवीस सांगतात ते 1954 च्या किरण सिंग विरुद्ध चमन पासवान निकालातलं: असा हुकूमनामा दरखास्तीतही शून्य म्हणता येतो. गंमत म्हणजे ज्यांनी तो मुद्दा काढला तेच त्यात हरले, कारण त्यांची तक्रार दाव्याच्या किमतीवरून होती. किंमत किंवा हद्द चुकली असेल तर हरकत सुरुवातीलाच घ्यावी लागते (दिवाणी संहिता, कलम 21). विषयावरच अधिकार नसेल तर गोष्ट वेगळी. आणि निकाल नुसता चुकीचा असेल तर तो शून्य होत नाही, त्याला अपीलच. तुमचा वकील बहुतेक तुमचं प्रकरण या शेवटच्या खान्यात टाकतोय.

म्हणून सगळं एका गोष्टीवर आहे: आबाजींनी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) ‘मी कूळ आहे’ असं लिहिलं होतं का? असेल तर दिवाणी संहितेच्या कलम 47 खाली दरखास्तीतच हरकत घ्या, सोबत स्थगितीचा अर्ज द्या. तारीख चुकवू नका. समोरचा वकील ‘इतकी वर्षं गप्प का?’ विचारणारच, त्याची तयारी ठेवा.

धागाकर्ता:
आढ्यातले कागद काढले. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पण कैफियत वाचता येते. तिच्या परिच्छेद 4 मध्ये ‘प्रतिवादी सदर शेताचा कूळ आहे’ असं आहे. निकालात मुद्दा क्रमांक 3 ‘प्रतिवादी कूळ असल्याचे सिद्ध करतो काय?’, पुढे ‘नाही’. तहसीलदाराचं नाव कुठंच नाही. सोमवारी नकलेचा अर्ज टाकतो. नक्कल येईस्तोवर तारीख पडली तर हरकत झेरॉक्सवर देता येते का?